‘कॉन्झर्व्हेटरी’ आधी अनाथाश्रम होती

पाश्चात्त्य संगीताचं उच्च शिक्षण देणाऱ्या संस्थांना कॉन्झर्व्हेटरी म्हणतात. या शब्दात मुळात संगीत नाहीच. इटालियन ‘कॉन्झर्वातोरिओ’ म्हणजे सांभाळ करण्याची जागा. १६व्या शतकात नेपल्समध्ये पोरक्या मुलांसाठी असे चार आश्रम निघाले. पहिला, सांता मारिया दी लोरेतो, १५३७ चा. मुलांना खाऊपिऊ घालायचं आणि पोटापुरतं एखादं काम शिकवायचं, एवढाच हेतू होता. पुढच्या शतकात त्या कामांत संगीत पुढे आलं, कारण त्याला गिऱ्हाईक होतं. मिरवणुकीत, उत्सवात, अंत्ययात्रेत मुलं गायची आणि बिदागी आश्रमाला मिळायची.

इंग्रज संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नी १७७० मध्ये तिथल्या सांतोनोफ्रिओ आश्रमात गेला. एकाच खोलीत सात-आठ हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं तारांचं, पट्ट्या दाबून वाजवायचं वाद्य), त्याहून जास्त व्हायोलिनं, आणि प्रत्येक मुलगा वेगळंच काही वाजवतोय. बसायला पलंगच. जिन्यावर एक जण ट्रम्पेट फुंकत होता. हिवाळ्यात उजाडायच्या दोन तास आधी उठून रियाझ. आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच ज्यांचं खच्चीकरण केलं होतं, ती मुलं वरच्या मजल्यावर, जरा उबदार खोल्यांत; सर्दी झाली तर गळा जाईल ही भीती. पर्गोलेझी, चिमारोझा हे इटालियन संगीतकार अशाच आश्रमांत शिकले. त्यांचं संगीत ऐकताना या मुलांनी काय किंमत मोजली, हे मला विसरता येत नाही.

फ्रेंच राज्यक्रांतीने ही कल्पना सरकारी केली. राष्ट्रीय रक्षकदलाच्या बँडसाठी काढलेल्या शाळेतून १७९५ मध्ये पॅरिसची कॉन्झर्व्हेटरी उभी राहिली. धर्मादाय संस्थेच्या जागी सरकार आलं. नियमही कडक झाले: १८२३ मध्ये पुढे पियानोवादक म्हणून गाजलेल्या बारा वर्षांच्या फ्रान्झ लिस्टला परदेशी म्हणून प्रवेश नाकारला गेला, आणि नाकारणारे संचालक केरुबिनी स्वतः इटालियन होते! पुढे लाइपझिगला १८४३ मध्ये जर्मन संगीतकार मेंडेल्सोननं, सेंट पीटर्सबर्गला १८६२ मध्ये रशियन पियानोवादक अंतोन रुबिनस्टाइननं अशा संस्था काढल्या.

आपल्याकडे हे वळण १९०१ साली लाहोरला आलं. कुरुंदवाडला जन्मलेले आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी तिथे गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाश्रय न घेता, लोकांच्या देणग्या आणि जलशांच्या तिकिटांवर. पुढे शिक्षक होणार असलेल्या शिष्यांच्या राहण्या-जेवणाचा भारही पलुस्करबुवांनीच उचलला. नेपल्सशी त्यांचा काही संबंध नव्हता, तरी मुलांना आधी घर आणि मग विद्या, हा क्रम तोच. १९०८ मध्ये संस्था मुंबईत आली. कर्ज वाढत गेलं आणि तिथली इमारत लिलावात गेली. १९३१ मध्ये बुवा गेले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज घरोघरची मुलं ‘विशारद’ला बसतात, ती परीक्षा बहुतेकदा याच मंडळाची.