हिवतापावरील पारंपरिक वनौषधींची पारख : पार्श्वभूमी

अँडीज पर्वतातील सिंकोना झाडाची साल सतराव्या शतकात जेझुइट धर्मप्रचारकांमार्फत युरोपात पोहोचली, तेव्हा तिची परीक्षा थेट रुग्णांवरच होत असे. सालीचा कस झाडागणिक बदलत असल्याने एकाला उतार पडे, तर दुसऱ्याचा ताप हटत नसे. १८२० मध्ये पेल्तिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी सालीतून क्विनीन वेगळे केले आणि औषधाची मात्रा मोजून देणे शक्य झाले. वनस्पती तपासणे म्हणजे तिच्यातील एखादा क्रियाशील घटक हुडकून काढणे, ही धारणा तेव्हापासून बळावली.

दुसऱ्या महायुद्धात सिंकोनाच्या मोठ्या मळ्यांचे जावा बेट जपानने घेतल्यावर दोस्त राष्ट्रांचा क्विनीनचा पुरवठा तुटला आणि पर्यायांचा शोध निकडीचा झाला. अमेरिकेत सुमारे ६०० वनस्पतींचे अर्क पक्ष्यांच्या हिवतापावर तपासले गेले. ते निष्कर्ष १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले. चीनमध्ये ‘चांगशान’ या जुन्या औषधीचा गुण चाचण्यांत सिद्ध झाला, मात्र तिने होणाऱ्या तीव्र उलट्यांमुळे ती व्यवहारात टिकली नाही.

पुढे क्लोरोक्वीन या कृत्रिम औषधाला जंतू दाद देईनासे झाले आणि चीनने २३ मे १९६७ रोजी हिवतापावर नवे औषध शोधण्याचा ‘प्रकल्प ५२३’ हाती घेतला. त्यातील चिनी संशोधिका तू यूयू यांच्या गटाने जुन्या ग्रंथांतून दोन हजारांहून अधिक औषधी पाठ (कृती) गोळा केले. ‘छिंगहाओ’ या वनस्पतीच्या अर्काचा गुण मात्र कधी दिसे, कधी दिसत नसे. चौथ्या शतकातील वैद्य गे होंग यांनी ती मूठभर घेऊन पाण्यात भिजवावी, पिळावी आणि रस प्यावा, असे सांगितले होते. काढा उकळण्याचा त्यात उल्लेख नव्हता. उष्णतेने गुण जात असावा, हे त्यावरून तू यूयू यांनी ताडले आणि ३५ अंशांच्या आसपास उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या नमुन्याने बाधित उंदरांच्या रक्तातील सर्व जंतू नष्ट केले. पुढच्या वर्षी रुग्णांना देण्याआधी संशोधकांनी तो स्वतः घेऊन पाहिला. झाडाइतकीच ते वापरण्याची कृतीही महत्त्वाची असते, याचा याहून ठळक दाखला या इतिहासात नाही.

पश्चिम आफ्रिकेतील माली देशातल्या संशोधकांनी तर नेहमीचा क्रमच उलटा केला. कोणत्या वनस्पतीने रुग्ण खरोखर बरे झाले, हे त्यांनी आधी गावोगावी घरांत विचारले आणि त्यातून पिवळा धोत्रा पुढे आला. त्याच्या बियांचे तेल विषारी असते, त्यामुळे कोणता भाग वापरायचा हा प्रश्न येथे जिवाचा ठरतो. ३०१ रुग्णांच्या चाचणीत पिवळ्या धोत्र्याचा काढा घेणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांना, तर आर्टेमिसिनिन (छिंगहाओतील क्रियाशील घटक) गटातील औषध असलेला संयुक्त उपचार घेणाऱ्यांपैकी ९५ टक्क्यांना दुसऱ्या औषधाची गरज पडली नाही. हे यश मोठे आहे. परंतु काढ्याने रक्तातील जंतू पूर्णपणे जात नाहीत, हेही अभ्यासांत दिसले.

छिंगहाओच्या चहाबाबत जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका अधिक कडक आहे. त्यातील आर्टेमिसिनिनचे प्रमाण अनिश्चित आणि बहुधा अपुरे असते, ताप उलटू शकतो आणि जंतूंमध्ये औषधाला प्रतिकार वाढण्यास हातभार लागतो, या कारणांनी संघटनेने २०१९ मध्येही अशा वापरास पाठिंबा नाकारला.