क्रूझ जहाजांची निवड : लहान व मोठी जहाजे

क्रूझ म्हणजे केवळ पर्यटनासाठी आखलेली जलसफर. तीत जहाज हेच वाहन, तेच मुक्कामाचे ठिकाण आणि तेच भोजनगृह असते. त्यामुळे कोणत्या आकाराचे जहाज घ्यावे या एका प्रश्नात भाडे, बंदरे, सोबतीची माणसे आणि प्रकृती या सगळ्यांचा विचार येतो. लहान व मोठी जहाजे चालविणाऱ्या कंपन्यांची धंद्याची रीत वेगवेगळी असली, तरी त्यांच्यातील सीमारेषा कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराने ठरविलेली नाही. लहान जहाजाची कमाल मर्यादा कुणी २५० प्रवासी धरतात, कुणी ५००, तर कुणी ७५०. खालच्या टोकाला मात्र नियम आहे. सागरी सुरक्षिततेच्या सोलास करारानुसार बारापेक्षा अधिक प्रवासी नेणारे जहाज ‘प्रवासी जहाज’ ठरते. बारा प्रवाशांपर्यंतच्या यॉट त्या व्याख्येबाहेर राहतात व त्यांचा विचार येथे केलेला नाही. या नोंदीत निवडीची चर्चा मुख्यतः नागपूर व विदर्भातील प्रवाशांच्या अंगाने केली आहे.

टनभार : जहाजाचा आकार माहितीपत्रकांत टनांत दिलेला असतो. हे टन वजनाचे नसून जहाजातील बंदिस्त जागेच्या घनफळाचे असतात. ब्रिटनमध्ये १८५४ च्या कायद्याने मूरसम यांची मापनपद्धती स्वीकारली गेली, तीत १०० घनफूट (सु. २.८३ घ. मी.) जागेला एक रजिस्टर टन धरत. पुढे १९६९ च्या आंतरराष्ट्रीय टनभार मापन कराराने, जो १८ जुलै १९८२ पासून अमलात आला, ही रीत बदलली. आता जहाजाच्या एकूण बंदिस्त घनफळाला (घनमीटरमध्ये) एका गुणकाने गुणतात. ०.२ मध्ये घनफळाच्या दशमान लॉगरिदमची ०.०२ पट मिळविली की हा गुणक मिळतो. त्यानुसार १०,००० घ. मी. घनफळाच्या जहाजाचे ग्रॉस टनेज (एकूण टनभार) २,८०० येते, १ लाख घ. मी.ला ३०,००० आणि १० लाख घ. मी.ला ३,२०,०००. म्हणजे घनफळ दहापट झाले की टनेज दहापटीहून थोडे अधिक वाढते. १९८२ पूर्वीच्या जहाजांचे जुन्या पद्धतीचे आकडे नव्या जहाजांच्या आकड्यांशी थेट ताडून पाहू नयेत. पर्यटनविषयक लिखाणात हे पथ्य क्वचितच पाळले जाते.

ग्रॉस टनेजला प्रवासीसंख्येने (एका केबिनमध्ये दोघे या हिशेबाने) भागले की दरडोई जागेचे गुणोत्तर मिळते. ‘आयकॉन ऑफ द सीज’ (२०२४) या सु. २,४८,००० टनेजच्या व ५,६१० प्रवाशांच्या जहाजाचे गुणोत्तर ४४ च्या आसपास येते. मुंबईहून चालणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’चे (बांधणी १९९०, सु. ४८,५०० टनेज) ते साधारण ३० आहे, तर ४५० प्रवाशांच्या व सु. ३२,००० टनेजच्या ऐषारामी जहाजाचे ७० च्या पुढे जाते. मोठे जहाज म्हणजे दाटी, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. मात्र या भागाकारात इंजिनघर, नाट्यगृह, दुकाने सगळेच धरलेले असते आणि बंदरात उतरताना जिन्याशी लागणारी रांग त्यात दिसत नाही. निवडीसाठी हे गुणोत्तर उपयोगी आहे, पण निर्णायक नाही.

उगम : पर्यटनासाठीची पहिली जलसफर कोणती, याविषयी एकमत नाही. पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या संस्थापकांपैकी एक आर्थर अँडरसन यांनी १८३५ मध्ये शेटलंड बेटांवरील आपल्या वृत्तपत्रात आइसलँड व फेअरो बेटांच्या सफरीची जाहिरात छापली होती. ती बहुधा नुसती कल्पना होती. तशी सफर तेव्हा निघाली नाही. १८४४ पासून पी अँड ओने भूमध्य समुद्रातील सहलींची तिकिटे विकली, हा दुसरा दावा. त्या सहलींत प्रवासी नेहमीच्या टपाल बोटींनीच, बोटी बदलत जात. म्हणून काही अभ्यासक त्यांना क्रूझ मानत नाहीत. तिसरा दावा ‘सीलोन’ या जहाजाचा. पी अँड ओने १८८१ मध्ये विकल्यावर नव्या मालकांनी ते फक्त सफरींसाठी वापरले व त्यातून जगप्रदक्षिणाही घडविली. जर्मन लेखकांचा कल ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’कडे असतो. हिवाळ्यात अटलांटिकवरील प्रवासी आटत, तेव्हा हे मोठे जहाज रिकामे ठेवण्याऐवजी हँबुर्ग-अमेरिका कंपनीच्या अल्बर्ट बालीन यांनी ते २२ जानेवारी १८९१ रोजी कुक्सहाफेनहून भूमध्य समुद्राच्या सहलीला धाडले. त्याच कंपनीचे ‘प्रिंत्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ (जलावतरण १९००) हे ४,४०९ टनांचे जहाज मात्र मुळातच सफरींसाठी बांधले होते. ते डिसेंबर १९०६ मध्ये जमैकाजवळ खडकावर चढून निकामी झाले.

सफरीसाठीच बांधलेले जहाज हा निकष धरला, तर १९०० हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. प्रस्तुत विषयाला महत्त्वाचे ते निराळेच आहे. ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ हे रिकाम्या खाटा भरण्यासाठी काढलेले मोठे जहाज होते, तर ‘व्हिक्टोरिया लुईझे’ खाजगी यॉटच्या धर्तीवर, केवळ पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी घडविले होते. आजच्या दोन प्रकारांचे हिशेब या दोन जहाजांत आधीच दिसतात.

१९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमाने सुरू झाली आणि लांब पल्ल्याच्या प्रवासी जहाजांचा धंदा बसला. १९६६ ते १९७२ या काळात मायामी बंदराभोवती नव्या क्रूझ कंपन्या उभ्या राहिल्या. १९९६ चे ‘कार्निव्हल डेस्टिनी’ हे एक लाख टनेज ओलांडणारे पहिले प्रवासी जहाज. २००९ च्या ‘ओअॅसिस ऑफ द सीज’ने दोन लाखांचा टप्पा ओलांडला. लहान जहाजांची शाखा सहल-आयोजक लार्स-एरिक लिंडब्लाड यांच्या १९६६ मधील अंटार्क्टिका सहलीपासून व १९६९ मध्ये त्यासाठी बांधलेल्या ‘लिंडब्लाड एक्सप्लोरर’पासून वाढली, असे सामान्यतः मानतात.

बंदरे व निर्बंध : जहाजाचा आकार सर्वांत जास्त ठरवितो तो मार्ग. व्हेनिसमध्ये १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनेजहून किंवा १८० मी. लांबीहून मोठ्या जहाजांना सान मार्को या मुख्य चौकासमोरील जलमार्ग बंद आहे. तरीही ‘व्हेनिस’ असे छापलेल्या कार्यक्रमात मोठे जहाज प्रत्यक्षात मार्गेरा, रावेन्ना किंवा त्रिएस्ते येथे लागते आणि तेथून पुढे बस. गालापागोस बेटांत शंभराहून अधिक प्रवाशांच्या जहाजांना फिरता येत नाही. अलास्कातील ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठी क्रूझ जहाजे सोडतात. नॉर्वेने जागतिक वारसा यादीतील फियोर्डांसाठी (उंच कड्यांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांसाठी) शून्य-उत्सर्जनाची अट १ जानेवारी २०२६ पासून १०,००० टनेजखालील जहाजांना आधी लावली व मोठ्यांना २०३२ पर्यंत मुदत दिली. येथे नियम लहान जहाजांवर कडक आहे, हा अपवाद ध्यानात ठेवण्याजोगा.

अंटार्क्टिकाचे उदाहरण जरा तपशिलाने पाहण्यासारखे आहे. तेथे ५०० हून अधिक प्रवाशांच्या जहाजाला कुणालाही किनाऱ्यावर उतरविता येत नाही आणि एका जागी एका वेळी शंभरच प्रवासी उतरू शकतात. समजा, एका किनाऱ्यासाठी चार तास मिळाले. शंभर प्रवाशांच्या जहाजावरील प्रत्येकाला, रबरी होडीने जाण्यायेण्याचा वेळ सोडला, तर पूर्ण चार तास पेंग्विनांजवळ काढता येतात. दोनशेंच्या जहाजावर दोन पाळ्या लागतात, चारशेंच्या जहाजावर चार. म्हणजे वाट्याला जेमतेम तास येतो. प्रवासीसंख्या ४८० असलेले जहाज माहितीपत्रकात ‘लहान’ म्हणून मिरवते आणि नियमातही बसते, पण घेणाऱ्याने हा भागाकार आधी करावा.

हेलकावे : जहाज लाटेच्या लांबीच्या मानाने जितके लांब, तितके त्याचे पुढेमागे डुलणे कमी. आडवे डुलणे कमी करण्यासाठी तळाशी दोन्ही बाजूंना स्थिरक पंख असतात. पाण्यातून वेगाने जातानाच ते नीट काम करतात, नांगरलेल्या जहाजावर त्यांचा उपयोग अल्प. इटलीच्या ‘कोन्ते दी साव्होया’वर (१९३२) याच कामासाठी तीन प्रचंड जायरोस्कोप बसविले होते, ती पद्धत मोठ्या प्रवासी जहाजांत रुळली नाही. फियोर्ड, खाडी, नदी अशा आडोशाच्या पाण्यात लहान जहाज पुरेसे स्थिर असते. दक्षिण अमेरिका व अंटार्क्टिका यांमधील ड्रेक सामुद्रधुनीत ते नसते. मळमळ होणाऱ्याने कोणत्याही जहाजावर मधल्या भागातील व खालच्या मजल्यावरील केबिन घ्यावी. वरच्या मजल्यावरची महाग बाल्कनी त्याला तापदायकच ठरते.

सुरक्षितता व वैद्यकीय सोय : १ जुलै २०१० नंतर बांधलेल्या व १२० मी. किंवा अधिक लांबीच्या प्रवासी जहाजांना, ठराविक मर्यादेतील आग वा पूर आला तरी स्वतःच्या बळावर बंदर गाठता येईल, अशी रचना बंधनकारक आहे. बरीच लहान जहाजे या अटीबाहेर राहतात. वर उल्लेखिलेले लिंडब्लाड यांचे जहाज ‘एक्सप्लोरर’ या नावाने चालू असताना २३ नोव्हेंबर २००७ रोजी अंटार्क्टिकाजवळ बुडाले. जहाजावरील सर्व १५४ जणांना जवळच्या दुसऱ्या जहाजाने वाचविले. सागरी कामगार करार, २००६ नुसार शंभर किंवा अधिक माणसे (यात कर्मचारीही आले) घेऊन तीन दिवसांहून अधिक आंतरराष्ट्रीय सफर करणाऱ्या जहाजावर पात्र डॉक्टर असावाच लागतो. त्याहून लहान जहाजावर डॉक्टर असेलच असे नाही. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबाने बुकिंगपूर्वी हे लेखी विचारून घ्यावे.

खर्च : मोठ्या जहाजाचे छापील भाडे कमी दिसते, कारण पेये, इंटरनेट, किनाऱ्यावरील सहली व रोजची बक्षिसी बहुतेकदा त्यात नसते. लहान जहाजावर यांतील बरेच काही धरलेले असते, तरी दिवसाचा दर सहसा चढाच राहतो; कप्तान, स्वयंपाकघर आणि बंदरशुल्क यांचा खर्च थोड्या माणसांवर वाटला जातो. एकट्या प्रवाशाला दोन्हीकडे केबिनचे जवळजवळ दोघांचे पैसे पडू शकतात.

नागपूरहून : नागपूरपासून कोणत्याही दिशेला पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही. फुटाळा, अंबाझरी किंवा रामटेकजवळच्या खिंडसीतील बोटीपलीकडे पाण्याचा अनुभव नसणारे प्रवासी येथे बहुसंख्य, म्हणून पहिली सफर दोन-तीन रात्रींची व मोठ्या जहाजावरची असणे बरे. मुंबई गाठायला विदर्भ, सेवाग्राम किंवा दुरांतोची एक रात्र जाते, ७०१ किमी.चा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाल्यापासून काहीजण मोटारीनेही जातात. जहाज गाडीची वाट पाहत नाही. सुटण्याच्या बऱ्याच आधी प्रवेश बंद होतो, त्यामुळे आदल्या दिवशी बंदराच्या शहरात पोचणे इष्ट. हा जादा दिवस व भाडे दोन रात्रींच्या सफरीलाही तेवढेच लागते आणि पंधरा रात्रींच्या सफरीलाही. मुंबईकराला परवडणारी दोन रात्रींची फेरी नागपूरकराला त्यामुळेच महाग पडते.

हंगामाचा मेळ विदर्भात थोडा वेगळा बसतो. उन्हामुळे येथील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. मे ते सप्टेंबर चालणारा अलास्काचा व नॉर्वेचा हंगाम त्यामुळे मुलांसह गाठता येतो. अंटार्क्टिकाचा नोव्हेंबर ते मार्च हा काळ शाळेच्या दिवसांतच येतो, म्हणून तो बहुधा निवृत्तांच्या वाट्याला जातो. तीन पिढ्यांचे कुटुंब, भिशीचा गट किंवा लग्नाच्या वाढदिवसाचा मेळावा यांना मोठे जहाज सोयीचे : आजीला सपाट मजला व लिफ्ट, मुलांना पोहण्याचा तलाव, बाकीच्यांना रात्रीचा कार्यक्रम. भारतातून सुटणाऱ्या जहाजांवर शाकाहारी व जैन जेवण सहज मिळते. परदेशी मोठ्या जहाजांवर भारतीय पदार्थांचा निदान एखादा कोपरा असतो. लहान मोहीम-जहाजांवर स्वयंपाकी थोडे आणि शिधा सफरीआधी भरलेला, त्यामुळे आधी कळवावे लागते. सावजी रश्शाच्या अपेक्षेने कुठेच जाऊ नये. अनेक देशांच्या बंदरांना शिवणाऱ्या सफरीला वारंवार प्रवेशाचा व्हिसा लागतो. मुंबई-गोव्यासारख्या देशांतर्गत सफरीला ओळखपत्र पुरते.

भारतातील स्थिती : कोकण किनाऱ्यावर आगबोटींची परंपरा जुनी आहे, पण १७ जुलै १९४७ रोजी रेवसजवळ बुडालेल्या ‘रामदास’सह त्या सर्व वाहतुकीच्या बोटी होत्या. मुंबई-गोवा मार्गावर ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ ही लहान प्रवासी बोट सुरू झाली. तेव्हा केंद्रीय नौकानयन मंत्री नागपूरचे खासदार नितीन गडकरी होते. कॉर्डेलियाची सेवा सप्टेंबर २०२१ पासून आहे. नदीवरील ‘गंगा विलास’ (६२ मी. लांब, ३६ प्रवासी) १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून दिब्रुगडच्या सु. ३,२०० किमी.च्या, ५१ दिवसांच्या सफरीला निघाली. केंद्र सरकारचे क्रूझ भारत मिशन ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईत जाहीर झाले. पश्चिम किनाऱ्यावरील सफरी पावसाळ्यात थांबतात.