एन.एस.एस.मध्ये नाव कसे नोंदवायचे, आणि युनिट पुढच्यांच्या हाती कसे द्यायचे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कॉलेजांत प्रवेश आटोपले की राष्ट्रीय सेवा योजनेची (एन.एस.एस.) सूचना लागते, बहुतेक वेळा कन्नडमध्ये. मराठी माध्यमातून आलेली बरीच मुले ती न वाचताच पुढे जातात, म्हणून हे लिहितोय.

ज्या कॉलेजात एन.एस.एस.चे युनिट आहे तिथला पदवीचा विद्यार्थी अर्ज करू शकतो. एन.सी.सी.त असाल तर मात्र दोन्हीपैकी एकच निवडावे लागते. नाव पहिल्याच वर्षी घाला. वर्षाला १२० असे दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे एक विशेष शिबिर, एवढे झाल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. तिसऱ्या वर्षी जाग आलेल्यांचे गणित जमत नाही.

कागदपत्रे फार नाहीत: कॉलेजचा अर्ज, फोटो, ओळखपत्र आणि आधारची झेरॉक्स, शिबिराआधी पालकांचे संमतिपत्र. कॉलेजागणिक थोडाफार फरक असतो, तेव्हा युनिट सांभाळणाऱ्या प्रोग्राम ऑफिसर सरांना किंवा मॅडमना विचारून घ्या. कामाची डायरी रोजच्या रोज भरा. मार्चमध्ये एका बैठकीत भरलेली डायरी लगेच ओळखू येते.

खरी गोची पुढे आहे. प्रोग्राम ऑफिसरची मुदत साधारण तीन वर्षे, फार तर एक वर्ष वाढवून. विद्यार्थी प्रमुख तर परीक्षा झाली की निघूनच जातो. मग युनिटने कामासाठी निवडलेल्या दत्तक गावात दर वर्षी नवी पोरे जाऊन तेच सर्वेक्षण करतात आणि गावकरी वैतागतात. ‘गेल्या वर्षी लिहून नेलंत की, त्याचं काय झालं?’ या प्रश्नाला नव्या पोरांकडे उत्तर नसते.

म्हणून पुढचा प्रमुख जानेवारीतच ठरवा, आणि तो दुसऱ्या वर्षात जाणारा असू द्या. शिबिराची अर्धी जबाबदारी त्याच्यावर टाकून बघा. जेवणाचा हिशेब आणि भांडणे सांभाळली तर पोरगा किंवा पोरगी चालेल. भाषण चांगले करतो म्हणून कुणाला नेमू नका. आपल्या भागात जोडी नेमलेली बरी: एक मराठी माध्यमाचा, एक कन्नड सफाईने लिहिणारा. गावात बोलणे मराठीत होते, पण पंचायतीच्या पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) द्यायचे पत्र कन्नडमध्येच लागते.

जाणाऱ्याने एक फाईल द्यावी. तिच्यात पीडीओ आणि शाळेचे मुख्याध्यापक यांचे नंबर, समाजमंदिराची किल्ली कुणाकडे असते, सर्वेक्षणाचे कागद, आणि कोणते काम अर्धे राहिले ते. खानापूरच्या पश्चिमेला जून ते सप्टेंबर धो धो पाऊस असतो. बांधबंदिस्तीची कामे पावसानंतरच धरा, रोपे मात्र पावसाच्या सुरुवातीलाच लावा. २४ सप्टेंबरला एन.एस.एस. दिन असतो. तोपर्यंत नव्या जोडीची गावात ओळख करून दिलेली असावी, आणि ती जुन्या प्रमुखाने स्वतः जाऊन करून द्यावी. नुसता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन बदलून भागत नाही.