'चमक भरली' हा अपघात की आजार? नर्स-आयांच्या भरपाईतल्या तज्ज्ञ साक्षीची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात दवाखान्यात नाहीतर वृद्धाश्रमात काम करणाऱ्या बाईची भरपाईची केस उभी राहिली की पहिला प्रश्न ठरलेला, "डॉक्टरनं किती टक्के लिहिलंय?" सगळे ह्या अपंगत्वाच्या टक्क्यांच्या मागं का लागतात ते कळायला जरा मागं जावं लागतं, आणि मागं गेलं की दिसतं की खरा घोळ टक्क्यांच्या आधीच सुरू झालेला असतो, 'अपघात' ह्या एका शब्दापाशी.

कामगारांच्या भरपाईचा मूळ कायदा १९२३ चा. तेव्हा आपला भाग मुंबई इलाख्यात होता, १९५६ ला म्हैसूर राज्यात गेला, पण कायदा केंद्राचा म्हणून तोच राहिला. त्याची अट अशी की इजा 'अपघातानं' झालेली पाहिजे आणि ती कामामुळं, कामावर असतानाच झालेली पाहिजे. ही शब्दरचना इंग्लंडच्या १८९७ च्या कायद्यातनं आलेली आणि तिकडंही त्यावरनं भांडण झालंच होतं. एक कामगार मशीनचं अडकलेलं चाक जोर लावून फिरवत होता, त्यात त्याला हर्निया झाला. अडचण अशी की काही तुटलं नव्हतं, अंगावर पडलं नव्हतं, माणूस घसरलाही नव्हता, मग अपघात म्हणायचा कशाला? १९०३ मध्ये तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं सांगितलं की ध्यानीमनी नसताना अंगाच्या आत झालेली इजा हाही अपघातच.

माझ्या मते आपल्याकडं आयाच्या कुठल्याही कंबरेच्या केसमध्ये हा निकाल आधी काढून बघायला पाहिजे, कारण तिचं काम डिट्टो हेच असतं. लकवा मारलेले सत्तर किलोचे आजोबा, त्यांना कॉटवरनं खुर्चीत बसवायचंय, रात्रपाळीला दुसरं कोण नाही. एक हात काखेत घालायचा, दुसरा गुडघ्याखाली, आणि अर्ध्यात उचलल्यावर आजोबा अंग सोडून देतात. त्यांना खाली टाकता येत नाही म्हणून ती सगळा भार कंबरेवर घेते. मग ती सांगते, "उचलताना चमक भरली बघा, तवापास्नं वाकायलाच येत नाही." ह्या एका वाक्यात वेळ आहे, काम आहे, अचानकपणा आहे, म्हणजे कायद्याला पाहिजे ते सगळं आहे. पण केसपेपरवर कन्नडमध्ये 'सोंट नोवु' लिहिलं जातं, नुसती कंबरदुखी. 'उळुकु' लिहिलं असतं तर निदान लचकल्याचं तरी कळलं असतं. पुढं इंग्रजी सर्टिफिकेटात त्याचं 'क्रॉनिक बॅक पेन' होतं. तीन भाषांतनं जाता जाता अपघाताचा आजार झाला, आणि आजार म्हणावं तर कामामुळं होणाऱ्या आजारांच्या सरकारी यादीत कंबरदुखी नाहीच, त्यामुळं बाई दोन्हीकडनं अडकते.

संसर्गाचं तसं नाही. आरोग्यसेवेत नाहीतर लॅबमध्ये काम करताना लागलेला संसर्गजन्य आजार त्या यादीच्या पहिल्याच भागात आहे आणि तो कामामुळंच झाला असं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ओझं मालकावर. टीबी झालेल्या किती सिस्टरना हे कुणी सांगितलंय?

आता तज्ज्ञाकडं येऊ. तज्ज्ञाचं मत पुरावा म्हणून घ्यायची सोय १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ४५ मध्ये होती. १९८४ ला भरपाई कायद्यात दुरुस्ती झाली की जी इजा कायद्यातल्या इजांच्या तक्त्यात नाही तिच्यामुळं कमाईची ताकद किती गेली ते डॉक्टरनं ठरवायचं. टक्क्यांचा नाद तिथनं वाढला. २०१० ला सुप्रीम कोर्टानं वाहन अपघाताच्या एका केसमध्ये सांगितलं की डॉक्टरनं शरीराचं अपंगत्व किती एवढंच सांगावं, कमाई किती बुडाली ते न्यायाधिकरण ठरवेल. दोन्ही एकत्र वाचले की माणूस गोंधळतो, पण मला २०१० चं म्हणणं जास्त पटतं. कंबर वीस टक्के गेली तर कारकुनाचं काम चालतं, आयाचं पूर्ण थांबतं, आणि हा फरक एक्स-रेमध्ये दिसत नाही. त्यात आपल्याकडची माणसं उपचाराला मिरज-कोल्हापूरला जातात, तिथला डॉक्टर इकडच्या कोर्टात उलटतपासणीला आला नाही तर त्याच्या सर्टिफिकेटाचं वजन कमी होतं.

पेशंटनं डॉक्टरवर टाकलेल्या केसमध्ये मात्र तज्ज्ञांच्या मताचं बरंच पुढं गेलंय. २००५ पासनं डॉक्टरवर निष्काळजीपणाचा फौजदारी खटला चालवायच्या आधी दुसऱ्या डॉक्टरचं स्वतंत्र मत घ्यावं लागतं. पण वॉर्डमध्ये माणसं किती होती, उचलायला साधन काय होतं हे सांगणारा तज्ज्ञ कामगाराच्या केसमध्ये कोण बोलावत नाही.

नियम तसे येत गेले. कर्नाटकानं २००९ ला दवाखान्यातल्या स्टाफवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी स्टाफला हिपॅटायटिस बीची लस आणि वर्षातनं एकदा तपासणी सक्तीची केली. २०२० ला कोविड ड्यूटीवाल्यांसाठी ५० लाखांचा विमा आला, त्यातही ड्यूटीमुळंच मृत्यू झाला हे दाखवायचं होतंच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्यात डॉक्टर मुलीचा ड्यूटीवरच खून झाला आणि सुरक्षेचा विषय देशभर पेटला, पण बोलणं झालं ते कॅमेरे आणि गार्डवर. वृद्धाश्रमांचं तर आणखी वाईट, २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात १५० जणांच्या वृद्धाश्रमाची गोष्ट आहे, त्या १५० जणांना उचलणाऱ्या हातांबद्दल काही नाही.

१ जुलै २०२४ पासनं १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी नवा साक्ष कायदा लागू झाला, त्यात कलम ३९ मध्ये विज्ञान-कलेच्या जोडीला 'इतर कोणतंही क्षेत्र' हे शब्द घातलेत. तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली सिस्टर इन्चार्ज ह्यात बसते असं मला ठामपणे वाटतं, आजोबांना उचलायला किती हात लागतात हे तिच्याइतकं कोण सांगणार. २१ नोव्हेंबर २०२५ पासनं भरपाई सामाजिक सुरक्षा संहितेत गेली. 'अपघात' हा शब्द मात्र तिथंही तसाच आहे, आणि केसपेपर अजून कन्नडमध्येच लिहिला जातो.