जनरेटर आहे ना, मग यूपीएस कशाला?

छोटी हॉस्पिटलं, पॅथॉलॉजी लॅब, सगळीकडे हेच ऐकू येतं की जनरेटर घेतलाय ना, मग यूपीएसवर (लाईट गेली तरी बॅटरीवर मशीन चालू ठेवणारं यंत्र) अजून पैसे कशाला घालायचे. साफ चूक आहे हे. लाईट गेल्यावर ऑटो स्टार्टवाला जनरेटरसुद्धा सुरू होऊन लोड (म्हणजे त्यावर चालणारी उपकरणं) घ्यायला साधारण 10 सेकंद लावतो, तेवढ्यात अ‍ॅनालायझर (सॅम्पल तपासणारं मशीन) बंद पडतो, अर्धवट झालेली टेस्ट जाते, रिएजंट (टेस्टचं केमिकल) वाया आणि सॅम्पल पुरलं नाही तर पेशंटला परत सुई, लहान बाळ असेल तर विचारच करा. शिवाय जनरेटरवर लिफ्ट चालू झाली की व्होल्टेज क्षणभर बसतं, फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झवरून हलते, आपल्याला फक्त दिवा मिचकलेला दिसतो पण मशीनला ते झेपेलच असं नाही. म्हणून जनरेटर तासन्तास चालवायला आणि ऑनलाईन यूपीएस मधली फट भरायला, दोन्ही लागतात. ऑनलाईनमधे लोड कायम यूपीएसच्या आतल्या इन्व्हर्टरवरच (डीसीची एसी वीज करणारा भाग) असतो त्यामुळे गॅप पडत नाही, घरगुती इन्व्हर्टर मात्र लाईट गेल्यावर स्विच होतो. आणि अर्थिंग बघाच हो, सॉकेटमधे न्यूट्रल आणि अर्थच्या मधे मल्टिमीटर लावा, 2-3 व्होल्टच्या वर दाखवत असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, यूपीएसचं कोटेशन नंतर.