मक्याचा कंगवा मातीत आपोआप विरत नाही

मुंबईतल्या बऱ्याच हॉटेलांत आता बाथरूममध्ये 'मक्यापासून बनवलेला' कंगवा किंवा टूथब्रश ठेवलेला असतो. फेकला की काही महिन्यांत त्याची माती होते, असं पाहुणेच नव्हे, हॉटेलवालेही सांगतात. तसं होत नाही.

हे बहुधा पीएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिड, असतं. कच्चा माल मक्याचा, पण तयार होतं ते प्लास्टिकच. त्याचं खत व्हायला साधारण ५८ ते ६० अंश तापमान, ओलावा आणि जंतू असं सगळं एकत्र लागतं आणि ते मिळतं औद्योगिक खतप्रकल्पात. सोसायटीच्या खतखड्ड्यात तो कंगवा वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो. समुद्रात गेला तर विचारूच नका! शहरातला बहुतेक कचरा कांजूरमार्गच्या कचराभूमीवर जातो; मिश्र कचऱ्यातून एकेक कंगवा वेगळा काढून खतासाठी नेणार कोण? बांबूचा ब्रश थोडा बरा, पण त्याचे केस बहुतेक वेळा नायलॉनचेच.

म्हणून खरा बदल दुसरीकडे आहे: वस्तू खोलीत न ठेवता मागितल्यावर देणं आणि शाम्पूच्या छोट्या बाटल्यांऐवजी भिंतीवर भरता येणारे डिस्पेन्सर. कॅलिफोर्नियात ५० पेक्षा जास्त खोल्यांच्या हॉटेलांना २०२३ पासून अशा छोट्या बाटल्या देण्यास बंदी आहे, लहान हॉटेलांना २०२४ पासून. डिस्पेन्सर मात्र कुलूपबंद हवेत आणि पुन्हा भरण्याआधी धुतलेले. नुसती वरून भर घालणं हा आळस झाला, आणि त्यात जंतू वाढतात.