गामेरेन, टिलमन फान
(१६३२–१७०६). जन्माने डच, पण कर्तृत्वाने सर्वस्वी पोलिश ठरलेला बरोक काळातील वास्तुविशारद. जन्म उत्रेख्त येथे. १६६० च्या दशकात येझी सेबास्तियान लुबोमिर्स्की या सरदाराच्या पदरी लष्करी अभियंता म्हणून तो पोलंडमध्ये आला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला. १६८५ मध्ये त्याला पोलिश सरदारकी मिळाली. निधन वॉर्सा येथे.

त्याच्या शिक्षणाविषयी मतभेद आहेत. त्याने वास्तुविद्येचे धडे नेदर्लंड्समध्येच घेतले, बहुधा डच वास्तुविशारद याकोब फान काम्पेन याच्या वर्तुळात, असे काही अभ्यासक मानतात. तरुणपणी तो व्हेनिसमध्ये युद्धप्रसंगांचा चित्रकार होता. त्यामुळे इतर अभ्यासक इटालियन वास्तुविशारद पाल्लादिओच्या वास्तूंच्या प्रत्यक्ष परिचयावर भर देतात. पूर्वार्धातील कामांतील सपाट भिंती, मोजका अलंकार आणि काटेकोर प्रमाणबद्धता पाहता डच वळण आधीचे असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र मध्यवर्ती घुमटाची चर्च केवळ त्या वळणातून उलगडत नाहीत.

पोलंडची राणी मारिया काझिमिएरा हिने तुर्कांवरील व्हिएन्नाच्या विजयाप्रीत्यर्थ (१६८३) बांधवलेले वॉर्सातील सेंट काझिमिएझ चर्च (१६८८–९२) हे अशा चर्चचा उत्तम नमुना होय. अष्टकोनी गाभ्याला चारही बाजूंनी आखूड भुजा जोडलेल्या असून वर अष्टकोनी घुमट आहे. १९४४ च्या जर्मनविरोधी वॉर्सा उठावात ते उद्ध्वस्त झाले. युद्धानंतर पुन्हा उभारले गेले.

क्राकूवच्या सेंट ॲन चर्चसाठी (१६८९–१७०३) तेथील विद्यापीठाला रोममधील सांत आंद्रेआ देल्ला व्हाल्ले या चर्चसारखी रचना हवी होती. अडचण जागेची होती. समोरची गल्ली अरुंद असल्याने दर्शनी भाग समोरून एका दृष्टिक्षेपात मावत नाही. सपाट दर्शनी भाग तिरकस कोनातून निर्जीव दिसला असता. म्हणून गामेरेनने खांब व कंगोरे ठळकपणे पुढे काढले, जेणेकरून गल्लीतून चालत येताना छायाप्रकाशाने भिंतीला खोली यावी. आतील गचकाम बाल्दास्सारे फोंताना याचे आहे.

गामेरेनने रचलेल्या वॉर्सातील क्रासिन्स्की प्रासादाच्या त्रिकोणी शीर्षावर शिल्पकार आंद्रेआस श्ल्यूटरने रोमन वीर व्हालेरिउस कोर्व्हिनुसचा विजय कोरला. क्रासिन्स्की घराणे या वीराला आपला पूर्वज मानी. वॉर्सातील उयाझ्दूव येथील गामेरेनच्या स्नानगृहाचे अठराव्या शतकात वास्तुविशारद मेर्लिनीने वाझिएन्की राजप्रासादात रूपांतर केले. त्याने रचलेली वॉर्सातील मारिव्हिल ही पंचकोनी बाजारपेठ मात्र १८२५ मध्ये नाट्यगृहासाठी पाडण्यात आली. न्येबोरूव येथील प्रासादही त्याचाच.

त्याची शेकडो रेखाटने वॉर्सा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. नष्ट किंवा पुढे बदललेल्या वास्तूंचे मूळ रूप ठरवताना त्यांचाच आधार घ्यावा लागतो. मात्र रेखाटन म्हणजे बांधकाम नव्हे, कारण अनेक योजना कागदावरच राहिल्या.